मी पुसलेली संध्याकाळ

"मुलगी अबोल आहे, चित्रंबित्रं काढायच्या भानगडीतही पडत नाही. पुसायला मात्र अगदी फर्स्ट क्लास मिळाली हो!"

सासऱ्यांनी दाताच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांची नवी सून दाराच्या अलीकडे चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि मी तिच्या खांद्यावर होते. तिनं कप हलू दिले नाहीत. क्षणभर थांबली, मग मुद्दाम चप्पल वाजवून आत गेली.

"ये ये, सूनबाई," सासरे म्हणाले. "तुझंच कौतुक चाललं होतं."

खोटं नव्हतं ते. कौतुकच चाललं होतं, हेच तर त्यातलं वाईट.

मी एक चिंधी बोलतेय. चिंधीला कुठलं आलंय तोंड, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण खांद्यावर, खिळ्यावर, बादलीच्या काठावर पडून राहणाऱ्यांना कान मात्र फार चांगले फुटतात. आणि माझ्यासमोर माणसं काहीही बोलतात. चिंधीसमोर कोण जीभ आवरणार?

मी काही जन्माची चिंधी नाही. कोणीच नसतं. मी एका मच्छरदाणीचा तुकडा. कडक खळीची, जाळीदार, पांढरीशुभ्र सुती मच्छरदाणी होती ती. लेक सासरी निघाली तेव्हा आईनं घडी घालून तिच्या बॅगेत वर ठेवली. "नव्या घरी काही नाही तरी झोप नीट लागू दे," म्हणाली. सासरी येऊन पाहतो तर सगळ्या खिडक्यांना आधीच जाळ्या. डासांची त्या घरात काही सोयच नव्हती. आठ दिवस आम्ही कपाटात पडून होतो. नवव्या दिवशी सासऱ्यांचं लक्ष गेलं. त्यांनी कापड बोटांत चुरगाळलं, उजेडाकडे धरलं आणि ओरडले, "अरे वा! अशी जाळी शोधून सापडत नाही हल्ली!"

मग कात्री आली. मच्छरदाणीच्या बावीस चिंध्या झाल्या आणि घरात सगळ्यांना फार आनंद झाला. जिची मच्छरदाणी होती ती काही बोलली नाही. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

कारण असं की हे घर म्हणजे एका मंडळाचं मुख्यालय होतं. छापचित्रं काढणाऱ्यांचं मंडळ. सासरे त्याचे अध्यक्ष, मंडळातले सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पोस्टात छत्तीस वर्षं शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर हात थांबेना, म्हणून या कलेकडे वळले, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर स्वतः दात कोरायच्या सुयांनी चित्रं कोरतात. समोरच्याचं तोंड उघडं असून त्याला उत्तर देता येऊ नये, या परिस्थितीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना टोमणे मारण्याची चांगली सवय आहे. तिसऱ्या मुख्याध्यापिकाबाई. शाळा सुटली, पण त्यांचा तास काही सुटला नाही. मंडळात एकूण अकरा जण आहेत. उरलेल्या आठांची ओळख करून देत नाही, ते 'अगदी बरोबर' म्हणायला असतात.

आता छापणं कसं असतं ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. तांब्याच्या प्लेटवर चित्राच्या रेषा कोरतात. त्या रेषांत शाई भरायची, पण भरताना ती सगळ्या प्लेटभर माखते. मग वरची शाई पुसून काढायची आणि रेषेतली तेवढी ठेवायची. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचा जाड नमदा, मग प्रेसचं चाक फिरवलं की रेषेतली शाई कागदावर उमटते. झालं चित्र. कोरतो तो कलावंत. चाक फिरवतो तोही कलावंत, कारण चाक फिरवताना फोटो चांगला येतो. मधे जी पुसते ती घरातली.

बारा वर्षं सासूबाईंनी पुसलं. शेवटी दोन्ही मनगटं कामातून गेली, साधं झाकण उघडेना. त्याच वर्षी मुलाच्या लग्नाची एवढी घाई का झाली, यावर मी काही बोलत नाही.

सासूबाईंनी सुनेला शिकवलं ते मात्र मनापासून. नव्या चिंधीची आणि नव्या सुनेची, दोघींची खळ आधी जावी लागते. म्हणून पहिले दोन दिवस मला नुसतं चुरगाळणं चाललं होतं. मग हातात गोळा करून, प्लेटवर गोल गोल. "दाबू नकोस गं," सासूबाई म्हणायच्या. "जोर लावलास तर रेषेतली शाईपण उपटून नेशील. लाड केलेस तर सगळं काळं. फिरवत राहायचं आणि कधी थांबायचं ते कळायला हवं."

"कसं कळतं, आई?"

"उजेड सांगतो."

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली इस्त्रीचं जुनं टेबल होतं, तिथं हे काम चालायचं. प्लेट तिरकी धरायची. खिडकीचा उजेड तिच्यावरून घसरत गेला की शाईचा किती पापुद्रा उरलाय ते नेमकं दिसतं. सून तासन्‌तास प्लेटी तिरक्या धरून बघायची. बोलत नव्हती, पण बघायची फार. चौथ्या महिन्यात सासूबाई मागून येऊन उभ्या राहिल्या, एक प्लेट पाहिली आणि काही न सुचवता परत गेल्या. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी त्या घरात पाहिलेलं नाही.

आणि मग ती गल्ली. अण्णांनी एक प्लेट कोरली होती. दोन्ही बाजूंना घरं, मधे भिंतीला टेकलेली सायकल, वर आकाश. आकाशात त्यांनी काही म्हणजे काही कोरलं नव्हतं. एक रेघ नाही. दुपारी बाराची, डोळे दिपवणारी गल्ली. सुनेनं पहिल्या चार वेळा आकाश लख्ख पुसलं. पाचव्या वेळी तिनं मला छपरांच्या कडेला नुसतं टेकवलं, तिथं शाईचा पातळ पापुद्रा तसाच सोडला आणि वर वर उजळत नेलं. श्वास रोखून धरला होता तिनं. मला कळलं, कारण मी तिच्या मुठीत होते.

कागद उचलला तर गल्लीत संध्याकाळ झालेली!

अण्णा बघतच राहिले. मग हळूच चष्मा सारखा केला. "बघितलंत? कोरताना माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळच होती."

डॉक्टर म्हणाले, "अगदी उतरलीय हो." बाकीचे आठ जण म्हणाले, अगदी बरोबर. सुनेनं मला झटकून खिळ्याला अडकवलं.

तेव्हापासून त्या चित्राचं नाव पडलं 'गल्लीतली संध्याकाळ'. मंडळाचं नाव झालं ते त्या चित्रामुळे. अण्णा प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीनं डावीकडे नंबर घालायचे आणि उजवीकडे सही करायचे. सही चांगली लांबरुंद, पोस्टमास्तरांची असावी तशी.

नाव झालं की माणसांना घर पुरत नाही. मंडळाला स्वतःची जागा हवी झाली. स्टुडिओ आणि गॅलरी, दोन्ही. एक जुनं कागदाचं गोदाम मिळालं, पुढे मोठी खोली, मागे लहान, मधे बोळ. नकाशावर बारा बैठका झाल्या. पुढच्या खोलीत गॅलरी; तिच्या चारही खिडक्या पांढऱ्या फळ्या ठोकून बंद केल्या, चित्रं टांगायला भिंत हवी म्हणून. मागच्या खोलीत प्रेस, कोरायची टेबलं, अध्यक्षांची खुर्ची आणि उरलेल्या एकुलत्या एका खिडकीखाली सोफा. सोफ्याचं नाव 'चर्चेचा कोपरा'. मुख्याध्यापिकाबाईंनी गॅलरीच्या दारावर पाटी लावली, 'शाईच्या हातांनी आत येऊ नये'. त्यामुळे ज्यांनी गॅलरी काढली त्यांनाच आठवड्यातले सहा दिवस तिच्यात पाऊल टाकता येईना.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पोतून सगळ्यात शेवटी इस्त्रीचं टेबल उतरलं. अकरा जण त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"हे कशाला आणलं?" बाईंनी विचारलं.

"पुसायचं टेबल," सून म्हणाली.

नकाशा उलगडला गेला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. ऑफिस होतं, चर्चा होती, पाहुण्यांची पादत्राणं ठेवायला कपाट होतं. पुसायला जागा नव्हती. अहो, असणार कशी? अकरा छापणाऱ्यांनी मिळून नकाशा केला होता आणि अकरांपैकी एकानंही कधी प्लेट पुसली नव्हती.

"सध्या ठेवा तिकडे बोळात," अण्णा म्हणाले.

'सध्या' हा शब्द माणसं कायमच्या गोष्टींसाठी वापरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. बोळात एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला संडास, डोक्यावर एक पिवळा बल्ब. तिथं टेबल लागलं. बल्बखाली प्लेट कशीही तिरकी धरा, ती सगळीकडे सारखीच चकाकते. शाई किती उरली, किती गेली, काही कळत नाही. आंधळी कोशिंबीर.

तिनं नवऱ्याकडे शब्द टाकून पाहिला. नवरा भला माणूस. इतका भला की कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

"टेबल खिडकीखाली हवं होतं."

"कुठलं टेबल?"

"पुसायचं."

"अगं, तिथं सोफा आहे."

"सोफ्याला उजेड कशाला लागतो?"

तो मोठ्यानं हसला. "हे भारी बोललीस! पण अण्णांना मी कसं सांगू? उद्घाटन तेवढं होऊन जाऊ दे."

आणि नेमकं तेच होऊ द्यायचं नव्हतं. कारण मंडळानं ठराव केला होता की उद्घाटनाच्या दिवशी जागेचे फोटो निघतील, त्यांची पुस्तिका होईल, आणि त्यानंतर मांडणीत काडीचाही बदल होणार नाही. म्हणजे त्या दिवशी जे बोळात असेल ते जन्माचं बोळात. तिला काही सही नको होती, खुर्ची नको होती. एक टेबल आणि एक खिडकी. पण सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडानं, हे तिला तीन आठवडे सुचलं नाही.

त्या तीन आठवड्यांत छापलेली चित्रं एकजात घाण आली. कुठं आकाशाला डाग, कुठं भिंतीचा चिखल.

"सूनबाईंचं लक्ष उडालंय," डॉक्टर म्हणाले.

"नवीन लग्न आहे, चालायचंच," असं म्हणून बाई गालात हसल्या.

त्या दिवशी बोळात तिनं मला इतकं पिळलं की माझे चार धागे तुटले. सासूबाई येऊन बल्बकडे पाहून गेल्या. मग सुनेकडे. मग सोफ्याकडे.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सकाळी मुख्याध्यापिकाबाई तपासणीला निघाल्या, खिळ्याला लटकलेल्या आम्हा बहिणींसमोर आल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. "ई! पाहुण्यांसमोर ही लक्तरं?"

आम्हा सगळ्यांची रवानगी कचऱ्याच्या बादलीत झाली. आमच्या जागी आले नवे कोरे नॅपकिन. पांढरे, मऊ, लुसलुशीत, गालाला लावावेत असे. सुनेनं तोंड उघडलं. मऊ कापड रेषेत शिरतं आणि आतली शाई पिऊन टाकतं, हे तिला सांगायचं होतं.

"तू आज काळजीच करू नकोस," बाई म्हणाल्या. "आज तुला सुट्टी. तू फक्त पाण्याचं बघ."

पाण्याचं बघायला जाता जाता तिनं बादलीतून मला उचललं आणि कमरेला खोचलं. नव्या कपड्यांवर काळा डाग पडला. तिनं पाहिला आणि राहू दिला.

प्रमुख पाहुण्या होत्या एक निवृत्त न्यायाधीश. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रास्ताविक सुरू केलं आणि ते इतकं चाललं की पाहुण्यांनी दोनदा घड्याळाकडे, एकदा छताकडे पाहिलं. मग फीत कापली, आणि त्या सरळ जाऊन 'गल्लीतल्या संध्याकाळी'समोर उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"हे आकाश कसं केलंत हो?"

"साधना," अण्णा म्हणाले.

"मग आत्ता एक काढून दाखवा ना. मला बघायचंय."

झालं! पाऊणशे माणसं मागच्या खोलीत कोंबली गेली. अण्णांनी बाह्या सरसावल्या, प्लेटवर शाई माखली, नॅपकिन उचलला आणि पुसायला लागले. काय सांगू तुम्हाला ते पुसणं! बुटाला पॉलिश करावं तसं. मी सुनेच्या कमरेला होते. तिचा हात आपोआप माझ्यावर आला.

चाक फिरलं, फोटो निघाला, कागद उचलला. गल्ली होती, पण आजारातून उठल्यासारखी. घरं फिकट. सायकलीचं एकच चाक. आकाश कोरं.

"अण्णा," डॉक्टर म्हणाले, "दुपार झाली."

लोक हसले. अण्णा म्हणाले, कागद कमी भिजलाय. पुन्हा शाई, पुन्हा नॅपकिन, या वेळी लाडानं. पुन्हा चाक. या खेपेला कागदावर गल्लीच नव्हती, नुसतं डांबर.

"आता लाईट गेले," डॉक्टर म्हणाले.

अण्णांचे कान लाल झाले. शाईच खराब आहे म्हणाले. हवा दमट आहे म्हणाले. बाकीचे आठ जण म्हणाले, अगदी बरोबर, पण आवाज बसल्यासारखा. पाहुण्यांनी प्लेट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती तिरकी धरून पाहिली. जन्मभर पुरावे तपासलेली बाई.

"इथं वर तर काहीच कोरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग ती संध्याकाळ कुठून आली होती?"

अकरा कलावंत आपापल्या बुटांकडे पाहू लागले. नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. अण्णांनी तोंड उघडलं, पण 'साधना' दुसऱ्यांदा काही निघेना.

तेव्हा सोफ्यावर मनगटं चोळत बसलेल्या सासूबाई बोलल्या. जुन्या वळणाचं बोलणं त्यांचं. म्हणाल्या,

"तिला पुसा की."

बघा हं. बारा वर्षं ज्या शब्दानं त्यांची मनगटं खाल्ली, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ त्यांनी भर सभेत काढून दाखवला. लहानपणी सगळेच तो अर्थ ऐकतात आणि मोठेपणी विसरतात. पुसायचं म्हणजे विचारायचंसुद्धा. त्या घरात पुसणाऱ्या दोघी होत्या, पण त्यांना पुसणारं आजवर कोणी नव्हतं.

पाऊणशे माना वळल्या. सून पाण्याचा ट्रे धरून दारात उभी. अण्णा घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई... जरा... करून दाखवतेस का?" आणि त्यांनी नॅपकिन पुढे केला. तिनं ट्रे खाली ठेवला. नॅपकिन घेतला नाही. मला कमरेतून बाहेर काढलं.

"ई," मुख्याध्यापिकाबाई सवयीनं म्हणाल्या.

इथं मी जरा स्वतःचं सांगून घेते, कारण चिंधीला पुन्हा कोण बोलू देणार? आता माझ्यात फारसं काही राहिलेलं नाही. जाळीची भोकं शाईनं बुजली, कडा उसवल्या. खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला लटकून असते. सून अजून कधीतरी मला हातात घेते, पण ते कामापेक्षा जुनी ओळख म्हणून. एक दिवस गळून पडेन, आणि या वेळी बादलीतून कोणी उचलायचं नाही. त्याचं दुःख नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, कधी चित्र बघायला गेलात तर सही जरूर बघा, ती बघण्यासाठीच केलेली असते. मग ज्या जागी एकही रेघ नाही तिथंही डोळे घटकाभर टेकवा. तिथं कोणीतरी वेळेवर हात आवरलेला असतो.

तर मी तिच्या मुठीत होते. अण्णांनी शाई माखलेली प्लेट मोठ्या मनानं तिच्यापुढे धरली. लोकांनी बोळाकडे जायला वाट करून दिली. "जा, तिकडे पुसून घेऊन ये पटकन," अण्णा म्हणाले. "आम्ही थांबतो."

ती हलली नाही. वाट तशीच रिकामी राहिली. तिनं बोळातल्या बल्बकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिचा आवाज स्वच्छ निघाला, आणि त्या घरात आल्यापासून इतक्या माणसांनी तो पहिल्यांदाच ऐकला.

"तिकडे नाही, अण्णा. आधी तो सोफा उचला आणि माझं टेबल खिडकीखाली आणा. आणि जरा लवकर, बाहेर खरी संध्याकाळ व्हायच्या आत."